मोबाईलमधला नकाशा : कुठे भरवसा ठेवायचा, कुठे विचारून घ्यायचं?

मैत्रिणींनो, आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘लोकेशन पाठव गं.’ प्रभाग संघाची सभा असो, कर्जाच्या कागदांसाठी पनवेलला बँकेत जायचं असो, नाहीतर पापड-लोणच्याची ऑर्डर पोचवायची असो, आता पत्ता तोंडी सांगत कुणी बसत नाही. फोन रस्ता सांगतो, आपण निघतो. बहुतेक वेळा नीट पोचतोही. पण या नकाशात माहिती येते कुठून, ती कुठे कच्ची असते आणि चुकली तर कुणाच्या अंगावर येते, हे जाणून घेतलं तर फोनचा उपयोगही जास्त होईल. लेख जरा लांब आहे. वेळ कमी असेल तर जमिनीबद्दलचा शेवटचा भाग तरी नक्की वाचा.

फोनला कसं कळतं आपण कुठे आहोत?

जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचावर जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. ही व्यवस्था अमेरिकेची आहे. आपल्या इस्रोनेही ‘नाविक’ नावाची स्वतःची व्यवस्था उभी केली आहे. उपग्रह सतत वेळेचा संदेश खाली पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संदेश फोनला मिळाले की कोणता संदेश किती वेळात पोचला यावरून फोन हिशोब करतो आणि आपली जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली हा हिशोब साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येतो. म्हणजे तुम्ही अंगणात आहात की शेजारणीच्या ओट्यावर, एवढी गफलत धरूनच चालायचं. उंच इमारतींमध्ये, दाट झाडीखाली, स्लॅबच्या घरात ती आणखी वाढते. मालडुंगे-धोदाणीकडे डोंगराच्या कुशीत उभ्या राहिलात तर अर्धं आकाश डोंगरानेच झाकलेलं असतं, मग फोन तरी काय करणार?

नकाशावर आपला निळा ठिपका दिसतो ना, त्याच्याभोवती कधी कधी फिकट निळं वर्तुळ असतं. ते वर्तुळ मोठं असेल तर समजा की फोनलाच खात्री नाही. अशा वेळी कुणाला लोकेशन पाठवू नका. दोन मिनिटं उघड्यावर उभ्या राहा, वर्तुळ लहान झालं की मग पाठवा. अर्ध्या चुका इथेच टळतात.

आणखी एक. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाचं चित्र आणायला लागतं. त्यामुळे रेंज नसलेल्या वाडीत जायचं असेल तर घरून निघण्याआधी तेवढ्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवता येतो. मग नेट गेलं तरी ठिपका हलत राहतो. गर्दीची माहिती मात्र त्यात मिळत नाही.

नकाशा भरतं कोण?

आपल्या देशाचा नकाशा करणारी सरकारी संस्था, भारतीय सर्वेक्षण विभाग, १७६७ सालापासून आहे. तेव्हा माणसं साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन डोंगर चढायची. फोनमधला नकाशा वेगळ्या रीतीने तयार होतो. काही माहिती उपग्रहाच्या चित्रांवरून, काही सरकारी नोंदींवरून घेतात, आणि बरीचशी माहिती तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसं भरतात. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा एक नकाशा २००४ साली सुरू झाला, तो तर जगभरच्या स्वयंसेवकांनीच भरलेला आहे. गूगल मॅपवरही कुणीही दुकानाचं नाव, फोन नंबर, रस्ता सुचवू शकतं. ही त्याची ताकद, आणि खोटी माहिती शिरते तीही याच दारातून.

रस्त्यावरची गर्दी कशी कळते, असं बऱ्याच जणी विचारतात. कॅमेरे नसतात काही. ज्यांच्या फोनमध्ये लोकेशन चालू आहे, त्यांचे फोन किती वेगाने सरकताहेत त्यावरून अंदाज बांधतात. कळंबोली सर्कलला शेकडो फोन मुंगीच्या पावलाने सरकायला लागले की नकाशावर लाल रेघ उमटते. २०२० साली जर्मनीत बर्लिन शहरात सिमोन वेकर्ट नावाच्या कलाकाराने गंमत केली. एका हातगाडीत ९९ चालू मोबाईल भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून गाडी हळूहळू ओढत नेली. नकाशाला वाटलं वाहतूक तुंबली, रस्ता लाल झाला!

आपल्याला यातून एवढंच घ्यायचं की जिथे फोन जास्त तिथे माहिती पक्की. पनवेल शहरात, महामार्गावर नकाशा चांगला चालतो. गावाकडच्या फाट्यावर दिवसातून पाच-दहाच फोन जात असतील तर तिथल्या रस्त्याबद्दल नकाशाला काही ठाऊक नसतं. रेघ साफ दिसली म्हणजे रस्ता चांगला, असा अर्थ काढू नका. कुणी काही कळवलेलंच नसेल.

आपल्याच तालुक्यातला बदल बघा

नकाशा मागे का पडतो हे समजायला पनवेलइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. नवी मुंबई विमानतळासाठी इथली दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली वाडा, उलवे, वरचे ओवळे ही त्यातली नावं. तीन हजारांच्या वर कुटुंबं घरं सोडून वडघर, वहाळ, कुंडेवहाळच्या पुनर्वसन जागांवर गेली. उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली.

आता विचार करा, गाव उठलं तरी नाव उठतं का? माणसं नव्या जागीही जुन्याच गावाच्या नावाने ओळखली जातात. लग्नपत्रिकेवर तेच नाव, देवाची पालखी त्याच नावाची. त्यामुळे एकाच नावाच्या दोन जागा होतात, एक जुनी आणि एक नवी. ‘उलवे’ म्हटलं तर जुनं गाव की सिडकोचं आजचं टोलेजंग उलवे? ‘पनवेल’ म्हटलं तर जुनं पनवेल की रेल्वेच्या पलीकडचं नवीन पनवेल? ठाकूरवाडी, कातकरवाडी या नावाच्या वस्त्या तर किती तालुक्यांत आहेत, मोजायला नकोत. म्हणून नाव टाइप करून जी पहिली जागा येईल तिच्यावर निघू नका. खाली लिहिलेला तालुका आणि पिनकोड वाचा. सभेचं ठिकाण कळवताना नुसतं नाव न देता लोकेशन पाठवा, आणि सोबत एक ओळ लिहा, ‘मारुतीच्या देवळामागे, शाळेच्या आधी डावीकडे’. ही ओळ अजून तरी कुठल्याही नकाशापेक्षा भारी आहे.

रस्त्यात घात कुठे होतो?

जुलै २०२५ मध्ये मध्यरात्रीनंतर बेलापूरहून उलव्याकडे निघालेली एक बाई नकाशाच्या भरवशावर गाडी चालवत होती. पुलावरून जायचं होतं, पण फोनवर पुलाखालचा रस्ता सरळ दिसला. ती पुलाखालून गेली आणि गाडी थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षेचे पोलीस जवळच होते, त्यांनी तिला बाहेर काढलं. नकाशावर पूल आणि पुलाखालचा रस्ता एकावर एक दिसतात. फोनला आपण वर आहोत की खाली हे नीट कळत नाही. पुलाजवळ, उड्डाणपुलाजवळ फोनकडे बघायचंच नाही, रस्त्यावरची पाटी बघायची.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघेजण गेले. पुलाचा पुढचा भाग पुरात आधीच वाहून गेला होता, नकाशावर मात्र पूल शाबूत होता. तिथे नुसता नकाशाच चुकला असं नाही. पुलाच्या तोंडाशी धड आडोसाही लावलेला नव्हता, आणि म्हणून बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवरही गुन्हा नोंदवला गेला. आपल्या राज्यात जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतुळजवळ असंच झालं. पिंपळगाव खांड धरणाचं पाणी आलं की तिथला जुना पूल बुडतो, हे गावातल्या पोरालाही माहीत. रात्री कळसूबाईकडे निघालेल्या पाहुण्यांना माहीत नव्हतं. गाडी पाण्यात गेली, दोघे पोहून बाहेर आले, एकाचा जीव गेला.

या तिन्ही घटना वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. दोन तर रात्रीच्या, आणि तिन्ही ठिकाणी पाणी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाढी, कासाडी, पाताळगंगा भरून वाहतात. ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशा तासाभरात पाण्याखाली जातात. नकाशाला ते दिसत नाही. तेव्हा पावसाळ्यात नवख्या गावाला जायचं तर निघण्याआधी तिथल्या गटाच्या अध्यक्षाताईंना किंवा सीआरपी ताईंना एक फोन करा, ‘फरशीवरून पाणी आहे का?’ एवढंच विचारायचं. आणि पाणी वाहत असेल तर फोन काहीही सांगो, गाडी घालायची नाही.

वाहन कोणतं आहे तेही फोनला सांगावं लागतं. गूगल मॅपवर आपल्या देशात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आहे, पण कित्येक जणी कारचाच रस्ता लावून निघतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकी, रिक्षा, तीनचाकी टेम्पो यांना बंदी आहे. कारचा पर्याय लावून तीनचाकीत माल भरून निघालात तर फोन तुम्हाला खुशाल अटल सेतूकडे नेईल आणि तिथून परत फिरावं लागेल. डिझेल गेलं, वेळ गेला, माल लोळला.

अंतराचंही तसंच. धोदाणीच्या डोक्यावर माथेरान दिसतं, नकाशावर बोटभर लांब. पण ती पायवाट आहे, खडी चढण. गाडीने जायचं तर चौक, कर्जत, नेरळ असा वळसा घालून दस्तुरी नाक्यापर्यंतच जाता येतं. नकाशावर किलोमीटर वाचण्याआधी वर चालणाऱ्या माणसाचं चित्र आहे की गाडीचं, ते बघा.

नकाशावरचा फोन नंबर

ही गोष्ट आपल्या पैशांची आहे, म्हणून जरा थांबून वाचा. २०१८ मध्ये ठाण्याकडून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे तक्रारी आल्या की भामट्यांनी नकाशावर बँकेच्या शाखेचा फोन नंबर बदलून स्वतःचा टाकला होता. खातेदार बँक समजून फोन करायचे, समोरचा गोड बोलून कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी काढून घ्यायचा. नकाशा कुणालाही बदलता येतो म्हटलं ना, तो हा धोका. बँकेचा नंबर पासबुकवरून घ्या, गॅस एजन्सीचा गॅसच्या पुस्तकावरून. नकाशावरचा नंबर लावलाच आणि पलीकडून ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

गटाचा व्यवसाय नकाशावर टाकणं मात्र खरंच फायद्याचं आहे. खानावळ, पिठाची गिरणी, शिलाई केंद्र, रोपवाटिका, काहीही असो. फुकट नोंद होते आणि रस्त्याने जाणाऱ्याला दिसते. नाव मराठीत आणि रोमन अक्षरांत, दोन्ही लिहा, वेळ आणि सुट्टीचा वार खरा लिहा. पण एका ताईच्या घरून व्यवसाय चालत असेल तर तिचं घर आणि तिचा स्वतःचा नंबर साऱ्या जगाला दिसणार आहे, याचा विचार आधी करा. तिला विचारा, घरच्यांसमोर नको, एकटीला विचारा. गटासाठी वेगळं सिम घेतलेलं बरं, आणि जागा म्हणून ग्रामसंघाचं कार्यालय किंवा विक्री केंद्र दाखवता येतं.

व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवण्याचे दोन प्रकार असतात. एक ‘आत्ता मी इथे आहे’ असं, ते तिथेच थांबतं. दुसरं चालू लोकेशन, ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास तुमच्या मागे मागे फिरतं. रात्री उशिरा प्रशिक्षणाहून परतताना घरच्या माणसाला किंवा मैत्रिणीला चालू लोकेशन पाठवणं चांगलं. पण दोनशे जणांच्या ग्रुपवर ते टाकू नका. पोचलात की बंद करा.

नकाशात नाही म्हणून वाडी नाही?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता, बचाव पथकं भर पावसात पायी चढून गेली. नंतर विधिमंडळात सांगण्यात आलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही असं होत नाही. तुमच्या वाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडली असेल, झाडं तिरकी झाली असतील, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येत असेल तर तलाठी, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. सोबत जागेचं लोकेशन आणि फोटो जोडला तर ‘नक्की कुठे?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं.

रुग्णवाहिकेसाठीही हेच कामाला येतं. १०८ ला फोन केला की पत्ता सांगताना ओळखीची मोठी खूण सांगा, आणि एका माणसाला टॉर्च घेऊन मुख्य रस्त्याच्या फाट्यावर उभं करा. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. देशातल्या साधारण चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा क्रमांक. म्हणजे घर क्रमांक नसलेल्या झोपडीलाही स्वतःचा पत्ता मिळतो. आपल्या घराचा आणि अंगणवाडीचा डिजिपिन काढून वहीत लिहून ठेवायला काहीच खर्च नाही. ज्यांच्या घरात दिवस भरत आलेली सून-लेक आहे त्यांनी तर हे या आठवड्यातच करा.

जमिनीचा नकाशा वेगळा

आता सर्वांत महत्त्वाचं. विमानतळ झाल्यापासून आपल्या भागात फोनवर प्लॉट दाखवणारे दलाल वाढले आहेत. ‘हे बघा ताई, विमानतळापासून दहा मिनिटं,’ असं म्हणत नकाशावर एक रिकामा हिरवा तुकडा दाखवतात. गूगलचा नकाशा हा रस्ता शोधायचा नकाशा आहे. त्यात मालक कोण, हद्द कुठे, आरक्षण आहे का, यातलं काहीही नसतं. हिरवा दिसणारा तुकडा वनखात्याचा असू शकतो, उद्याच्या रस्त्याचा असू शकतो, चौघा भावांच्या भांडणातला असू शकतो.

जमिनीसाठी सरकारची वेगळी सोय आहे. ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की गटाचा आकार आणि शेजारचे गट दिसतात. सातबारा ‘महाभूमी’वर नुसता बघायला फुकट आहे. पण तो कामाला चालत नाही, कामासाठी १५ रुपये भरून डिजिटल सहीचा घ्यावा लागतो. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ हा रकाना असतो. कर्जाचा बोजा, कुळ, वारसांचे हक्क तिथे दिसतात. बहुतेक जणी नावाचा रकाना वाचून कागद घडी करून ठेवतात. ‘इतर अधिकार’ वाचल्याशिवाय एक रुपया इसार देऊ नका. आपला बराच भाग ‘नैना’ क्षेत्रात येतो, तिथलं नियोजन सिडकोकडे आहे. त्या गटावर रस्त्याचं, बागेचं किंवा आणखी कसलं आरक्षण आहे का, हे सिडकोच्या विकास आराखड्यातच कळेल, दलालाच्या फोनमध्ये नाही.

महाभूनकाशाचीही मर्यादा आहे. तो जुन्या कागदी नकाशांवरून संगणकावर घेतलेला आहे. त्यावर बोट ठेवून ‘तुझं कुंपण माझ्या हद्दीत आलं’ असं शेजाऱ्याशी भांडू नका. फोनचा ठिपका पाच मीटर इकडेतिकडे होतो हे वर वाचलंतच. शेताच्या कडेने पाच मीटरचा पट्टा म्हणजे किती गुंठे झाले, हिशोब करून बघा. हद्द ठरवायची तर भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणीच मागवावी लागते. मोजणीची ‘क’ प्रत हा पुरावा, मोबाईलचा स्क्रीनशॉट नाही.

गावठाणातल्या घरांना तर सातबारा नसतोच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद असते, तेवढीच. त्यासाठी एप्रिल २०२० मध्ये ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. तिची पहिली चाचणी आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाली होती. घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, ड्रोन वरून फोटो काढतो, त्यावरून नकाशा होतो आणि मग मिळकत पत्रिका मिळते.

ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखाली कोण राहतं ते दिसत नाही. नाव कुणाचं लागणार ते ठरतं नंतरच्या चौकशीत, भूमि अभिलेखचे कर्मचारी कागद घेऊन गावात बसतात तेव्हा. त्या दिवशी बहुतेक घरांतून पुरुष जातात आणि बाई चुलीपाशी राहते. तुमच्या गावात हे काम व्हायचं असेल तर ग्रामसेवकांना तारीख विचारून ठेवा आणि गटाच्या बैठकीत सगळ्यांना सांगा. नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, आधार कार्ड, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं, एवढं एका पिशवीत घालून स्वतः जा. चुन्याची रेघ मारतानाही तिथे उभ्या राहा, न्हाणीघर आणि मागची पडवी रेघेच्या आत आली का ते बघा. मसुद्यात नाव चुकलं असेल तर मिळकत पत्रिका निघण्याआधीच लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या. पत्रिका निघाल्यावर दुरुस्तीसाठी पनवेलच्या किती फेऱ्या होतात, ते ज्यांनी मारल्यात त्यांनाच विचारा.